जहाज पकडा, पण मग किनाऱ्यावर उतरू नका

समजा, साल १७८५ आहे आणि तुम्ही अमेरिकन जहाजाचे कप्तान आहात. जहाजात पीठ, खारे मासे आणि इमारती लाकूड. समोर कॅरिबियन समुद्रातलं नेव्हिस बेट. बेट इंग्रजांचं, आणि नॅव्हिगेशन कायद्यांप्रमाणे तिथं परक्या जहाजाला व्यापार बंद. दोनच वर्षांपूर्वी स्वातंत्र्य पदरात पाडून घेतल्यामुळे तुम्ही आता परके. घाबरू नका. जहाजाला गळती लागू द्या.

खरी गळती नको, पाणी उपसत बसावं लागतं. कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगायची गळती पुरे. फारच वाटलं तर डोलकाठी मोडल्याचं सांगा. अडलेल्या जहाजाला आसरा द्यावाच लागतो, दुरुस्तीला पैसे लागतात, म्हणून थोडा माल विकायची परवानगी मिळते. थोडा म्हणजे किती, ते खाली बसून ठरवता येतं. माल संपला की गळती आपोआप थांबते.

बेटावर तुमचं स्वागतच होईल. तिथं जिकडेतिकडे ऊस, त्यामुळे खायला लागणारं बरंच काही बाहेरून येतं. कुणी हरकत घेतलीच तर मळेवाले गुलामांच्या उपासमारीचं गाऱ्हाणं मांडतील. उसाच्या तोडणीच्या दिवसांत हा कळवळा कुठं जातो, असं विचारू नये.

आता ब्रिटिश नौदलाचा एखादा सव्वीस वर्षांचा कप्तान होरेशिओ नेल्सन 'बोरिअस' ही युद्धनौका घेऊन आडवा आला आणि नेव्हिसला तुमच्यासकट चार जहाजं त्यानं धरली, तर? व्हाइस-अ‍ॅडमिरल्टी कोर्टात, म्हणजे जहाजांचे खटले चालवणाऱ्या कोर्टात, तुमचं काही चालायचं नाही. तिथं ज्युरी नसते. जहाज गेलं समजा. पण पकडणारा माणूस आहेच की! त्याच्यावर दावा ठोका. त्यानं केबिनमध्ये जबाब घेतले तेव्हा दाराशी नेहमीचा पहारेकरी उभा होता ना? मग झालं. नंगी तलवार रोखून, जिवाची भीती घालून जबाब घेतले, असं लिहून द्या. न्यायाधीश त्याच केबिनमध्ये बसले होते, ही बारीकसारीक गोष्ट गाळा. खर्चाची काळजी नको, बेटावरचे व्यापारी वर्गणी काढतात.

आणि तुम्ही नेल्सन असाल तर? मग तुमचं कठीण आहे. कायदा राबवायला दिला म्हणजे राबवायचाच असतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमचे अ‍ॅडमिरल सर रिचर्ड ह्यूज बघा. बंदरात त्यांचा झेंडा फडकतोय आणि ते तटस्थ आहेत. काही न करण्याला वरच्या हुद्द्यावर तटस्थ म्हणतात. तुम्ही मात्र आता जहाजावरच बसा. कोर्टाचा मार्शल अटकेचं वॉरंट घेऊन होडीतून येईल, तुमचा फर्स्ट लेफ्टनंट गोडीगुलाबीनं त्याला परत पाठवील, तो पुन्हा येईल. (आपल्या मुंबई हायकोर्टातर्फे जहाजाला अटक करायची तर शेरीफचा माणूस जातो. त्यामागचा साहेबांचा १८९० चा कायदा आपण २०१८ पर्यंत सांभाळला. जुनं टाकवत नाही.) थोडक्यात, जहाजं तुम्ही अटकवलीत आणि अडकून पडलात तुम्ही. सुनावणीच्या दिवशी तेवढं उतरता येईल, कारण त्या दिवसापुरतं न्यायाधीशांचं संरक्षण आहे. मार्शलनं तरी धरावं म्हणून व्यापारी त्याला भरपाईची हमी देतील. न्यायाधीश त्यालाच तुरुंगात टाकायची धमकी देतील.

जामिनाची सोय मात्र बघून ठेवा. बेटाच्या कौन्सिलचे अध्यक्ष जॉन हर्बर्ट १०,००० पौंडांना जामीन राहायला तयार आहेत. तुमच्या जप्तीची सर्वांत जास्त झळ त्यांनाच बसलीय, तरीही. त्यांची विधवा भाची फॅनी घरातच असते. १७८७ च्या मार्चमध्ये तुमचं तिच्याशी लग्न होईल, राजपुत्र विल्यम हेन्री कन्यादान करतील आणि दाव्याची कटकट वसूल झाल्यासारखी वाटेल.

लंडनला अर्ज करायला विसरू नका. राजाकडे दाद मागा, म्हणजे तुमच्या बचावाचा खर्च सरकार उचलेल. पुढे ट्रेझरीचं पत्रही येईल, ब्रिटिश व्यापाराचं रक्षण केल्याबद्दल आभार मानणारं. पाकीट उघडायची घाई करू नका. त्यावर नाव सर रिचर्ड ह्यूज यांचं आहे.