डब्यात काय होतं ते लिहू नका

निवृत्त झालात, पेन्शन सुरू झाली, गुडघे कुरकुरू लागले, की आता बालसाहित्याला हात घाला. कादंबरीला बैठक लागते, कवितेला निदान एखादा जुना प्रेमभंग तरी लागतो. बालकथेला काहीच लागत नाही. घरात मूल असण्याचीसुद्धा अट नाही. आमच्या बेळगावकडे तर आणखी सोय. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि ग्रंथदिंडीत सकाळपासून लेझीम खेळून दमलेली पोरं मांडवात पुढच्या सतरंजीवर आधीच बसवलेली असतात. श्रोते तयार, वर त्यांना उठून जायची मुभा नाही. असलं भाग्य कुठल्या कादंबरीकाराच्या वाट्याला येतं?

सुरुवात तात्पर्यापासून करा. सदाशिव काशिनाथ छत्र्यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या, तेव्हा आधी प्राणी आणि मग बोध, असा भोळा क्रम होता. आपण बोध आधी पक्का करायचा. दया, मैत्री की त्याग, हे परीक्षक कोण आहेत ते बघून ठरवावं. मग त्या मापाचा मुलगा शिवून घ्यावा.

हा मुलगा धुतल्या तांदळासारखा हवा. या बाबतीत जुन्या मंडळींनी फार घोळ घालून ठेवलाय. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. एवढ्या थोर पुस्तकाबद्दल बोलू नये, पण त्यातला श्याम पोहायला घाबरून लपून बसतो, आईच्या हातचा मार खातो, मोठं व्हायचंय म्हणून चोरीसुद्धा करतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर अभ्यास सोडून सायकलवरून नसत्या भानगडी निस्तरत फिरतो. असली पोरं आपल्या कथेत नकोत. पोरांना ती आवडतात, हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा दोष. आपला नायक पहाटे पाचला उठतो, आईला ‘काही मदत करू का गं?’ म्हणून विचारतो आणि चिमणीचा पंख मोडायची वाट बघत अंगणात बसतो.

नायकाचा मित्र गरीब पाहिजे. तो का गरीब आहे, त्याच्या बापाची नोकरी कुणी घालवली, असल्या चौकशा करू नका. त्याचं काम एकच, मधल्या सुट्टीत उपाशी राहायचं.

इथं माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल. एका गावच्या संमेलनात मी ‘खरा मित्र’ ही कथा वाचली. नायक आपला अख्खा डबा मित्रापुढे सरकवतो, मित्राचे डोळे भरून येतात, इथं मी थांबलो. टाळ्यांसाठीच थांबलो होतो, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या रांगेतनं एक हात वर आला.

“ओ सर, डब्यात काय होतं?”

“अरे, ते महत्त्वाचं नाही.”

“न्हाई कसं? ढब्बू मिरची असंल तर कोण बी देतंय की ओ.”

सगळा मांडव हसला. माझ्या शेजारी बसलेल्या पाहुण्यांनी घड्याळ बघितलं. मागून एक बारकी पोरगी म्हणाली, “शेंगाची चटणी असंल तर मी देणार न्हाई. निम्मी देतो.” म्हणजे माझ्या नायकाचा त्याग कुठल्या भाजीपाशी सुरू होतो, हा हिशेब त्या सतरंजीवर दोन मिनिटांत मांडून झाला. तेव्हापासून मी डबा कधी उघडत नाही. तुम्हीही झाकणावरच थांबा.

भाषेचंही बघा. आमच्या गल्लीतली पोरं ‘मी पुस्तक वाचलो’, ‘मी चहा पिलो’ असं बोलतात. कानडीच्या शेजारात इतकी वर्षं राहिलेल्या मराठीचं हे लेणं आहे म्हणा, पण कथेत तिनं पुण्याला जाऊन आंघोळ करून यायचं.

नायक मोठा होतो तो एका रात्रीत. पाऊस, वीज गेलेली, आईला ताप, डॉक्टरांचं घर नदीपलीकडे. मराठी बालकथेतल्या आयांना आजवर जेवढा ताप आलाय तेवढा गावच्या दवाखान्यानं बघितला नसेल. मात्र खरंच मोठी झालेली पोरं कथेत घेऊ नका, त्यात नाट्य नसतं. परवा बसस्टँडवर आमच्या हिला माहेरी नंदगडला जायचं होतं. पाट्या कानडीत, तिला अक्षर लागत नाही. बरोबर चौथीतला नातू. त्यानं तिची पिशवी घेतली, दोन गाड्यांच्या पाट्या वाचल्या आणि म्हणाला, “आज्जी, थांब. ही धारवाडची हाय. आपली मागनं येतंय.” मग खिडकीत टॉवेल टाकून तिला जागा धरली. ना पाऊस, ना ताप. याची कथा कशी करणार?

मैत्रीत भांडण हवंच, शेवटी गळामिठी आणि ‘मला क्षमा कर’ हेही हवं. हाच नातू आणि पलीकडच्या दाराचा त्याचा कानडी दोस्त मागच्या आठवड्यात रनआऊटवरून भांडले. एक म्हणतो आऊट, दुसरा म्हणतो ‘औट अल्ला’. कट्टी झाली. मी वही काढली. म्हटलं, भाषेपलीकडची मैत्री, सीमाभागाचं हृदय, यंदाचं पहिलं बक्षीस घरात चालून आलं. नातवाला समजावलं की आपण जाऊन माफी मागावी, मोठेपणा घ्यावा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी शब्दच गिळला. मोठ्यांचं भांडण १९५६ पासून चालू आहे, तेव्हा पोरांचं निदान महिनाभर तरी टिकेल, असा माझा अंदाज होता. तेवढ्या वेळात कथा पुरी झाली असती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या परसात चेंडू आला. भिंतीवर दोन कोपरं आणि एक डोकं दिसलं.

“ए, चेंडू कोडो!”

चेंडू दोन्ही भाषांत चेंडूच. नातवानं तो उचलला, चड्डीला पुसला आणि टाकता टाकता ओरडला, “मी बॅटिंग पहिला!” आणि तो गेलासुद्धा. कोण आऊट होतं ते ठरलंच नाही. वहीत मी ‘त्याच्या डोळ्यांत पश्चात्तापाचे अश्रू तरळले’ इथवर आलो होतो, ते वाक्य अजून तसंच पडून आहे. तुम्हाला लागत असेल तर घेऊन जा.