तंबू, तेरस आणि गुहागरकर काका

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच संध्याकाळी मी चार ओळी टाइप केल्या होत्या. त्या खवचट होत्या, म्हणून पुसल्या. आता आठ दिवस झाले आहेत, शिवाय लेख स्वतःच पुन्हा एकदा वाचून काढला, तेव्हा नीट उत्तर देते.

इतर वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात. डिसेंबरात मी हरिहरेश्वरपासून जयगडपर्यंत एकटी, तंबू पाठीवर घेऊन, किनाऱ्याकिनाऱ्याने चालले आणि त्यावर लिहिलं. तुम्ही म्हणालात, आमचे आजोबा-पणजोबा हाच किनारा तुडवत होते, पण गरजेपोटी; तुमची ही हौस, आणि तीही इंग्लंडच्या साउथ वेस्ट कोस्ट पाथ या किनारी पायवाटेची नक्कल. जिथे गावोगावी अंथरूण मिळतं अशा मुलखात तंबू नेणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडून बसणं. तंबूवाले गावाचं पाणी आणि संडास वापरतात, गावाला रुपया देत नाहीत. आणि बाईमाणसाने एकटीने असं करून वर त्याचे गोडवे गाणं बेजबाबदारपणाचं. खाली 'मूळचा गुहागरकर, वय ७१, राग मानू नये' अशी सही.

राग आला होता. पंगतीतला डबा मात्र डोक्यातून जाईना, कारण तो निम्मा खरा आहे.

आधी हिशेब देते, जो लेखात द्यायला हवा होता. एकूण अकरा रात्री. त्यातल्या तंबूत पाच. घरगुती राहण्याच्या सोयीत चार. एक देवळाच्या सभामंडपात, एक शाळेच्या व्हरांड्यात. लेखात फोटो किती? नऊ, आणि नऊच्या नऊ तंबूचे. चार घरांमधलं एकही घर नाही, ज्या काकूंनी रात्री साडेनऊला माझ्यासाठी पुन्हा चूल पेटवली त्यांचं अंगण नाही, कुळथाचं पिठलं नाही. तंबू फोटोत चांगला दिसतो, एवढंच त्याचं कारण. तेव्हा 'ही बाई अकरा रात्री वाळूवर पडून राहिली' असा तुमचा समज झाला असेल तर दोष माझा.

पण तंबूत काढलेल्या पाच रात्रींबद्दल तुमचं गणित चुकतंय. तंबू असला की कोणाकडे हात पसरावा लागत नाही, असं मलाही निघताना वाटत होतं. झालं उलटंच. खोली घेताना आपण 'खोली आहे का, किती पैसे' विचारतो, किल्ली घेतो आणि दार लावतो. तंबू लावायचा तर आधी जागा कोणाची ते शोधा. वाडीत शिरा, ओटीवर बसलेल्या माणसाला सगळी कहाणी सांगा, तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा म्हणतो भावाला विचारा, भाऊ मुंबईला, मग त्याला फोन. रोज संध्याकाळी तासभर माझी अशी चौकशी व्हायची. आडनाव, गाव, नवरा काय करतो, पुण्यात कुठे, मुलं किती, आणि शेवटी हमखास, 'पण कशासाठी?' या प्रश्नाचं धड उत्तर मला अकराव्या दिवशीही देता आलं नाही.

ही चौकशी मला एकदाही जाचली नाही, कारण ती त्या किनाऱ्याचा हक्क आहे. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर बंदरांवरची नजर आणखी कडक झाली. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक निर्मनुष्य बोट लागली, तिच्यात तीन एके-४७ निघाल्या. मी चालायला सुरुवात केली ती त्याच गावातून! तिथे एक अनोळखी माणूस भली मोठी सॅक घेऊन अंधारात सुरूच्या बनात शिरतो, तर गावाने त्याला हटकायचं नाही तर काय करायचं? पहिल्याच दिवशी एका पोलिसाने जेटीवर आधार कार्ड बघितलं, वहीत नाव लिहिलं आणि वर सल्ला दिला, 'मॅडम, जिथे मुक्काम कराल तिथे पोलीस पाटलांच्या कानावर घाला.' अकरा दिवसांत मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला. लेखात तोही नव्हता, आता घातला आहे.

इंग्लंडच्या नकलेचं म्हणाल, तर हो, कल्पना तिथूनच आली. माइनहेडपासून पूल बंदरापर्यंत १०१४ किलोमीटर, वाटेवर ओकच्या फळाची खूण. हेवा वाटतोच. पण तिथेही मनात आलं तिथे तंबू ठोकता येत नाही, जमीनमालकाची परवानगी लागते. म्हणजे तिकडचा वाटसरूही संध्याकाळी कोणाच्या तरी फाटकाशी उभा राहून विचारतोच. आपल्याकडे खुणेची वाट नाही एवढाच फरक. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, संपली की कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, चढायचा, सड्यावर ना सावली ना पाणी, पलीकडे उतरून पुढची पुळण, मध्ये खाडी आली की जेटी गाठायची. बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड, तिन्ही वेळा मी फेरीबोटीतून गाड्यांच्या रांगेत उभी राहून पलीकडे गेले. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. शाळेत नकाशात भरलेल्या नद्या तिकीट काढून ओलांडताना मजा वाटली, हे कबूल करते. हौसच आहे ती. तुमच्या पणजोबांना गरज होती आणि मला हौस आहे, यात मला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. पंढरीला चालत जाणाऱ्यालाही एसटी असतेच की.

आता पैसे आणि संडास. मुद्दा बिनतोड आहे. पाचपैकी तीन रात्री मी ज्यांच्या परड्यात किंवा बागेत तंबू लावला, त्यांनी जेवणाचे पैसे घेतले, जागेचे घ्यायला नकार दिला. मी ते सुखाने खिशात परत ठेवले आणि लेखात 'कोकणी माणसाचं मन' वगैरे लिहून मोकळी झाले. ते वाक्य आता वाचवत नाही. माझी आंघोळ, माझे फोन चार्जिंगला, सकाळचा चहा, यांची किंमत त्या घराने मोजली. आणि एका गावात, जिथे समोर खोल्यांची पाटी होती, त्या घराच्या मालकांनी मला स्पष्ट विचारलं, 'खोली रिकामी असताना अंगणात तंबू कशाला?' मी काहीतरी अनुभवाबिनुभवाबद्दल बोलले. तुमचा पंगतीतला डबा तो हाच. पुढच्या वेळी जिथे घरगुती सोय आहे तिथे खोली घेणार, तंबू फक्त जिथे नाही तिथे. तसं ठरवलं की तंबूच्या पाचपैकी जेमतेम दोन रात्री उरतात, आणि मग दोन किलोचा तंबू न्यायचा कशाला, हा प्रश्न पडतो. त्यावर अजून विचार चालू आहे.

सामानाचं एकूणच हसं झालं. निघायच्या आधी दोन महिने मी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरत होते. रोज सकाळी कोणीतरी विचारायचं, 'काय, घर बदलताय का?' तेरा किलो सहज उचलते म्हणून मी खूश. टेकडीवर वाळू नसते हे कोणी सांगितलं नाही. मऊ वाळूत तेरा किलो घेऊन तासाला दोन किलोमीटर झाले तरी नशीब. त्यात पुळण समुद्राकडे उतरती, म्हणजे दक्षिणेकडे जाताना उजवा पाय कायम खाली. चौथ्या दिवशी डावा गुडघा बोलायला लागला. स्लीपिंग बॅग एकदाही उघडली नाही, सोलापुरी चादर पुरली. स्टोव्ह दोनदा पेटवला, दोन्ही वेळा चहासाठी, आणि दोन्ही वेळा शेजारच्या घरातून 'अहो, इकडे या की चहाला' अशी हाक आली.

मला न विचारता मिळालेलं ज्ञानही सांगून टाकते. माडाखाली तंबू लावायचा नाही, नारळ पडतो आणि झावळीही पडते. हे मला एका सात-आठ वर्षांच्या मुलीने सांगितलं, तेही कीव केल्यासारख्या आवाजात. साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि ती पिशवी पुरायची. आणि भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे खरेच असतात हो. संध्याकाळी वारा समुद्राकडून म्हणून मी दार जमिनीकडे केलं. मध्यरात्रीनंतर वारा फिरला आणि थेट दारातून आत. पहाटे कापडाच्या आतून दहिवर ठिबकत होतं.

आता जे मी लपवलं होतं ते. तुम्ही 'बेजबाबदारपणा' लिहिलंत तेव्हा मला लागलं, कारण सहाव्या रात्रीची गोष्ट मी लेखात 'किनाऱ्यावर चांदण्यात सुंदर मुक्काम' या एका ओळीत उरकली होती.

कोळथऱ्याच्या अलीकडे एक छोटी पुळण आहे. जवळ घर दिसलं नाही, पाय दुखत होते, उजेड जात होता. त्या एका संध्याकाळी मी कोणालाही विचारलं नाही. सकाळच्या भरतीने टाकलेल्या काटक्या-शेवाळाची रेघ स्पष्ट दिसत होती, तिच्या वर चार-पाच पावलं सोडून तंबू लावला. साडेनऊच्या सुमारास पाठीखाली गार लागलं. वाटलं, बाटली सांडली. दार उघडलं तर चांदण्यात पाणी तंबूच्या दोन बाजूंनी मागे सरकत होतं, आणि पुढची लाट येतच होती. बुडण्यासारखं काही नव्हतं, घोट्याएवढं पाणी. पण अंधारात एकटीने, अनवाणी, ओला तंबू आणि सॅक ओढत सुरूच्या झाडांपर्यंत नेताना हात इतके थरथरत होते की गाठ सुटेना. एक सँडल गेली. सकाळपर्यंत सॅकवर बसून राहिले.

उजाडल्यावर कालवं काढायला आलेल्या एक आजी माझ्याकडे बघून थांबल्या. काय झालं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, 'काल तेरस ना गो? तेराचे पावणेदहा.' तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीचे सहा, पुनवेचे सव्वाअकरा. मिनिटाला नसेल जुळत, पण माणूस भिजणार नाही इतकं जुळतं. आणि पुनव जवळ येते तसं उधाण वाढत जातं, आदल्या भरतीची रेघ पुढच्या भरतीला बांधील नसते. फोनमध्ये भरती-ओहोटीचं ॲप होतं. त्या संध्याकाळी उघडलं नव्हतं.

मग मनात आलं, एकटी नसते तर टळलं असतं का? दोघी असतो तर दोघी भिजलो असतो, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. एकटीने चालणं ही चूक नव्हती, न विचारता झोपले ही होती. इथे तुमचं-माझं जमणार नाही, काका. बाईमाणूस म्हणून म्हणाल, तर रात्री भीती वाटली ती माणसांची नाही, कुत्र्यांची. आणि दिवसा ट्रकवाल्यांची, जिथे सागरी महामार्गावरून चालावं लागलं तिथे. एकटी बाई बघून जितक्या घरांनी दार उघडलं तितकी चार पुरुषांच्या टोळक्याला उघडली असती का, हे तुम्हीच सांगा.

एक गोष्ट तुम्हीही लिहिली नाहीत, दुसऱ्या एका वाचक मैत्रिणीने फोनवर सुनावली: कासवं. वेळासला मी घरात राहिले आणि त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण ऑलिव्ह रिडले काही फक्त वेळासलाच येत नाहीत. केळशी, आंजर्ले, कोळथरे, दाभोळ, तुमचं गुहागर, सगळीकडे घरटी होतात, आणि डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. मादी अंधारी, शांत वाळू बघून वर येते. पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात. आणि मी पुळणीवर पांढऱ्या झगझगीत हेडलॅम्पमध्ये बसून डायरी लिहीत होते! त्या रात्री कोणी आलं आणि परत गेलं का, मला कळायचा मार्ग नाही. वाळूवरच्या तंबूचा तो फोटो लेखातून काढला आहे. 'कुठे तंबू लावता येईल' हा परिच्छेदही काढला, कारण तो वाचून दोन कॉलेजच्या मुलांनी लोकेशन मागितलं होतं.

जयगडच्या पुढचा टप्पा फेब्रुवारीत करायचा आहे, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरीपर्यंत. गेल्या वेळी अष्टमीला निघाले, म्हणजे सकाळी सहाला भरती आणि चालायच्या वेळी मऊ वाळू. या वेळी तृतीया धरली आहे. तीनचे सव्वादोन, म्हणजे ओहोटी साडेआठच्या आसपास, सकाळभर ओली घट्ट वाळू मिळेल. गणित चुकलं असेल तर निघायच्या आधी कळवा.