समितीत बसून खासदार करतो काय? फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. खासदाराचं नाव मतदारसंघाप्रमाणे बदलतं, मजकूर तोच राहतो. थोडक्यात असा: 'आपल्या खासदाराने संसदेत किती भाषणं केली ते मोजा. विचारलं तर म्हणे समितीच्या कामात होतो. समिती म्हणजे एसीत बसून चहा-बिस्किटं आणि सरकारी खर्चाने सहली. त्यांना काडीचा अधिकार नाही, त्यांचे अहवाल रद्दीत जातात. तिथेही पक्ष सांगेल तसा हात वर करायचा. उद्योग आणि रोजगाराच्या समित्यांत बसून कोकणातल्या एका तरी पोराला नोकरी लागली का? सामान्य माणसाला तर तिथे दारही नाही. पटलं तर पुढे पाठवा.'

हा राग कुठून येतो ते मला समजतं. वाडीतली शाळा पटाअभावी बंद पडते, दहावी-बारावी झालेलं पोर मुंबईची गाडी धरतं, आणि गावात उरतात म्हातारे आणि कुलूपबंद घरं. पण या मेसेजने रागाची दिशा चुकवली आहे. समितीत काय झालं हे मतदार विचारतच नसतील, तर तिथे न फिरकणाऱ्या खासदाराला कशाचीच चिंता उरत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'भाषणं मोजा, म्हणजे काम कळेल'

खासदारांची जी प्रगतिपुस्तकं फिरतात, त्यांत साधारण चार रकाने असतात: हजेरी, चर्चांमधला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेली विधेयकं. हे आकडे खोटे नसतात, पण ते फक्त सभागृहातले असतात. समितीच्या किती बैठकांना खासदार गेला, मंत्रालयाच्या सचिवांना त्याने काय विचारलं, हे त्या रकान्यांत येतच नाही.

मंत्रालयांच्या कामावर नजर ठेवणाऱ्या विभागीय स्थायी समित्यांची आजची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. तेव्हा १७ समित्या होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही, कारण सरकारच्या कामाची तपासणी सरकारमधल्याच माणसाने करून भागत नाही. उद्योग-रोजगाराच्या, म्हणजे आपल्या विषयाच्या समित्या म्हणजे वाणिज्य, उद्योग, आणि कामगार, वस्त्रोद्योग व कौशल्य विकास या तीन. अर्थसंकल्प मांडला की अधिवेशनाच्या मधल्या सुटीत प्रत्येक समिती आपल्या मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चासाठी मागितलेले पैसे, तपासते. मागच्या वर्षी दिलेले पैसे का पडून राहिले, कुठल्या योजनेचं उद्दिष्ट का चुकलं, हे अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलं जातं. सभागृहात एखाद्या मंत्रालयावर चर्चेला काही तास मिळाले तरी नशीब. अनेक मंत्रालयांच्या मागण्या चर्चेशिवायच मंजूर होतात. त्यांच्यासाठी समितीतली तपासणी हीच काय ती तपासणी असते.

या बैठका बंद दाराआड होतात. तिथे कॅमेरा नसतो, म्हणून फेसबुकवर टाकायला भाषणाची चित्रफीत मिळत नाही. मतदाराला ते काम दिसत नाही याचं मोठं कारण हेच आहे.

'चहा-बिस्किटं आणि सहली'

अभ्यास दौरे होतात आणि त्यातल्या सगळ्यांचा उपयोग दिसतो असं मी म्हणणार नाही. बैठकांना दांडी मारणारे सदस्यही असतात. पण हे तपासता येतं. समितीचे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर असतात, आणि बहुतेक अहवालांच्या शेवटी बैठकांची इतिवृत्तं जोडलेली असतात. त्यात हजर सदस्यांची नावं छापलेली असतात. आपल्या खासदाराचं नाव आहे का बघा, आणि नसेल तर त्याच्या पुढच्या दौऱ्यात विचारा.

'अधिकार नाही, अहवाल रद्दीत'

शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, इथवर मेसेज बरोबर आहे. पण अहवाल आल्यावर मंत्रालयाला साधारण तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर लेखी उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पटलं की नाही, हे समिती पुन्हा वेगळ्या अहवालात नोंदवते. २००४ पासून तर शिफारशींचं काय झालं याचं निवेदन मंत्र्याने सभागृहात करायचं असतं.

याहून मोठं उदाहरण रोजगाराच्याच कायद्याचं आहे. डिसेंबर २००४ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचं विधेयक लोकसभेत आलं, तेव्हा हमी फक्त गरीब कुटुंबांपुरती होती. म्हणजे पुन्हा दारिद्र्यरेषेची यादी आणि त्या यादीत नाव लावून घेण्यासाठी खेटे. विधेयक ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष होते कल्याण सिंह, विरोधी बाकांवरचे, भाजपचे. समितीने सांगितलं की ही अट काढा. ऑगस्ट २००५ मध्ये कायदा मंजूर झाला तो प्रत्येक ग्रामीण कुटुंबासाठी. सरकार काँग्रेसप्रणीत, शिफारस विरोधी पक्षाच्या अध्यक्षाच्या समितीची, आणि बदल कोट्यवधी लोकांच्या पोटाशी संबंधित. अशा अहवालाला रद्दी म्हणता येणार नाही.

समितीचं वजन दर वेळी कामगारांच्या बाजूनेच पडतं असंही नाही. औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे मालक-कामगार संबंधांचा नवा कायदा, तिच्या २०१९ च्या विधेयकात कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होती. एप्रिल २०२० च्या अहवालात कामगारविषयक स्थायी समितीने ती मर्यादा ३०० करावी असं सुचवलं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये संहिता मंजूर झाली तेव्हा तिच्यात ३०० हाच आकडा होता. मला ही शिफारस चुकीची वाटते. कोकणातले बहुतेक कारखाने त्या आकड्याच्या खालीच राहतात. पण समितीत ठरलेलं कायद्यात उतरतं याचा पुरावा म्हणून ती मला मांडावीच लागते. अशा जागी आपला खासदार बसतो की नाही, बसला तर काय बोलतो, याला म्हणूनच किंमत आहे.

खरा धोका मेसेजमध्ये आलेलाच नाही. विधेयकं समित्यांकडे पाठवण्याचं प्रमाण घसरलं आहे. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के. समित्या निरुपयोगी आहेत असं आपणच एकमेकांना पटवत राहिलो, तर हा आकडा आणखी खाली आला तरी कुणी हूं की चूं करणार नाही.

'पक्ष सांगेल तसा हात वर'

पक्षादेश, म्हणजे व्हिप, सभागृहातल्या मतदानाला लागतो. पक्षांतरबंदीचं, घटनेचं दहावं परिशिष्ट समितीच्या बैठकीला लागू नाही. अहवाल शक्यतो सहमतीने होतो, आणि ज्याला पटत नाही तो आपलं भिन्न मत लिहून जोडू शकतो. पक्षाचा दबाव तिथे अजिबात नसतो असं नाही, पण सभागृहापेक्षा सदस्याला तिथे कितीतरी अधिक मोकळीक असते.

कोकणाला तर याची जुनी ओळख आहे. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै विरोधी बाकांवर होते. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने संसदेला मूलभूत हक्कांत बदल करता येणार नाही असा निकाल दिल्यावर त्यांनी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक मांडलं. एका विरोधी खासदाराच्या त्या विधेयकावर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. विधेयक मंजूर होण्याआधीच नाथ पै गेले, पण ज्या प्रश्नाला त्यांनी हात घातला होता त्याच प्रश्नावर १९७१ मध्ये चोविसावी घटनादुरुस्ती झाली. नाथ पै म्हटलं की आपल्याला त्यांचं वक्तृत्व आठवतं. हे कामही आठवायला हवं.

'कोकणातल्या एका तरी पोराला नोकरी लागली का?'

या प्रश्नाशी मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण मेसेजमधला सगळ्यात बोचरा प्रश्न हाच आहे.

समिती कुणाला नोकरी लावत नाही. कुठल्या स्थानकावर गाडी थांबवायची, कुठल्या वाडीत साकव बांधायचा, असल्या रोजच्या कारभारात तिने पडायचंही नसतं. साकव, पाखाडी, सभामंडप, हायमास्ट दिवे यांच्यासाठी वर्षाला ५ कोटींचा खासदार निधी आहे. त्याच्या पाट्या लागतात म्हणून तो दिसतो. पण आपल्याकडचं काम टिकतं की जातं, हे त्या पाट्यांवर ठरत नाही.

काजूचंच घ्या. वेंगुर्ले, सावंतवाडी, चंदगडच्या वाटेवर, वर रत्नागिरीपर्यंत काजूप्रक्रियेचे छोटे कारखाने आहेत, आणि त्यांत राबतात त्या मुख्यतः बायका. बी फोडायची, गर सोलायचा, प्रतवारी करायची. टरफलातल्या तेलाने हात भाजतात आणि मजुरी बऱ्याचदा किलोवर मिळते. या धंद्याचं भवितव्य दिल्लीतल्या दोन आकड्यांशी बांधलेलं आहे.

पहिला आकडा आयात शुल्काचा. आफ्रिकेतून येणाऱ्या कच्च्या काजू बीवरचं शुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात ५ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आणलं गेलं. कारखानदार म्हणतो, स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, बाहेरची बी आली नाही तर कारखाना बंद आणि बायका घरी. बागायतदार म्हणतो, बाहेरच्या बीमुळे माझ्या बीचा भाव पडतो. दोघंही आपल्याच तालुक्यातले, आणि दोघांचंही म्हणणं खरं. वाणिज्य समितीसमोर दोघांनाही आपलं मांडता येतं आणि मंत्रालयाला उत्तर द्यायला लावता येतं. सभागृहातल्या तीन मिनिटांच्या भाषणात हे बसणार नाही.

दुसरा आकडा कामगारांच्या संख्येचा. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे वीज वापरणारी जागा १० कामगारांवर आणि वीज न वापरणारी २० कामगारांवर कारखाना ठरायची. या कायद्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या २०१९ च्या विधेयकात हेच आकडे होते. स्थायी समितीने त्या विधेयकावर फेब्रुवारी २०२० मध्ये अहवाल दिला. त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने नवं विधेयक आणलं, त्यात आकडे झाले २० आणि ४०. ते विधेयक पुन्हा समितीकडे गेलं नाही. ते १९ सप्टेंबरला मांडलं गेलं आणि २३ सप्टेंबरपर्यंत दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. काही राज्यांनी आपापल्या पातळीवर हे आधीच केलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाली आणि तो साऱ्या देशाचा नियम झाला. यंत्रावर पंधरा बायका काम करत असतील, तर ती जागा आस्थापना म्हणून संहितेखाली येते, पण कारखाना ठरत नाही. कारखान्यासाठीच्या खास तरतुदी तिला लागत नाहीत. आपल्याकडची कित्येक युनिटं याच मापाची आहेत. आकडे दुप्पट करण्याआधी समितीने काजू, मासळी, आंबा कॅनिंग अशा धंद्यांतल्या माणसांना बोलावलं असतं, तर निदान हे म्हणणं कागदावर आलं असतं. समितीला वगळल्याचं नुकसान कसं असतं, याचं याहून जवळचं उदाहरण माझ्याकडे नाही.

मासळीचंही तसंच. समुद्रात पकडलेली भारतीय कोळंबी अमेरिकेने २०१९ पासून बंद केली, कारण ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला सुटायला वाट ठेवलेली नसते. मासळीची निर्यात बघणारं प्राधिकरण वाणिज्य मंत्रालयाखाली, मत्स्यव्यवसाय दुसऱ्या मंत्रालयाकडे, नौकांची नोंद आणि देखरेख राज्याकडे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरातल्या नौकामालकाने कुणाकडे जायचं? या सगळ्यांना एका टेबलाशी बोलावून जाब विचारायची सोय समितीकडे आहे.

आणि रोजगाराचा कायदा कोकणात काय करू शकतो, हे तर आपल्या डोळ्यांसमोर उभं आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेमागे वि. स. पागे होते, विधान परिषदेचे सभापती. १९७२ च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि विधिमंडळाने तिच्यावर लक्ष ठेवायला स्वतंत्र समिती नेमली. नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, त्याचं मूळ याच योजनेत आहे. दुष्काळी भागासाठी जन्मलेल्या या योजनेला १९९० मध्ये फळबाग लागवड जोडली गेली, आणि आपल्या वरकस जमिनींवर काजू-आंब्याची कलमं उभी राहिली. आज त्या बागांवर पोसलेली घरं गावोगावी आहेत. एका पोराच्या नोकरीचा हिशेब विचारणाऱ्याने या घरांचाही हिशेब धरावा.

'सामान्य माणसाला दारही नाही'

हे सरळ चुकीचं आहे. एखादं विधेयक समितीकडे गेलं की बहुतेक वेळा वृत्तपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर सूचना निघते आणि ठरावीक मुदतीत कुणीही लेखी निवेदन पाठवू शकतो. साक्ष द्यायची इच्छा असेल तर त्यात तसं लिहायचं, बोलावायचं की नाही हे समिती ठरवते. त्याशिवाय लोकसभेची याचिका समिती वेगळी आहे. याचिका हिंदी किंवा इंग्रजीत हवी. मराठीत लिहिली तर सोबत त्या दोनपैकी एका भाषेतलं सहीचं भाषांतर जोडायचं.

अडचण आहे ती मुदतीची. मोठ्या उद्योगांच्या संघटनांची माणसं दिल्लीत बसलेली असतात, त्यांची निवेदनं वेळेत पोचतात. काजू फोडणाऱ्या बाईपर्यंत ती जाहिरात पोचतच नाही. मच्छीमार सोसायट्या, बागायतदार संघ, महिला बचत गटांचे प्रभागसंघ यांनी एक तरी माणूस या सूचनांवर नजर ठेवायला नेमावा. आणि खासदाराच्या संपर्क कार्यालयात जाऊन तीन गोष्टी लेखी मागाव्यात: साहेब यंदा कुठल्या समितीवर आहेत, तिच्या किती बैठकांना गेले, आणि समितीने यंदा कुठले विषय अभ्यासाला घेतले आहेत. समित्या दर वर्षी नव्याने बनतात, त्यामुळे हे दर वर्षी मागावं लागेल. कामगार समितीने छोट्या प्रक्रिया उद्योगांतल्या बायकांच्या सुरक्षेचा विषय घ्यावा, ही मागणीही त्याच पत्रात घालता येईल.