साहेब पास, मी नापास

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी वाडीत पेढे वाटले. पाव किलो नव्हेत, चांगले दीड किलो, तेही खास जामसंड्याला जाऊन आणलेले. कारण लंडनकडच्या साहेबाची ईमेल आली होती आणि तिच्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘वुई विल हॅव टू पास.’ आमच्या घराण्यात ‘पास’ हा शब्द आला की पाठोपाठ पेढे येतात, मधे विचार येत नाही. धाकटा भाऊ तिसऱ्या खेपेला मॅट्रिक पास झाला तेव्हा आजोबांनी एसटीच्या कंडक्टरलासुद्धा पेढा दिला होता. ‘हॅव टू’ मला किंचित खटकलं, पण तो साहेबाचा निर्धार असावा अशी मी समजूत करून घेतली.

शेजारच्या तात्यांनी दोन पेढे खाल्ले, तिसरा नातवासाठी खिशात टाकला आणि विचारलं, “पास झालो ता बरा झाला. पण पैसे कधी गावतले?”

प्रश्न रास्त होता. मी लगेच लिहिलं, ‘काइंडली इंटिमेट द डेट ऑफ रेमिटन्स.’ उत्तर आलं ते पुतणीने वाचलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाली, “काका, पास म्हणजे नको. त्याला यंदा आपले आंबे नकोत.”

तोवर पेढे वाडीच्या पोटात गेले होते.

वास्तविक इंग्रजीच्या बाबतीत वाडीत माझ्याकडे आदराने पाहिलं जातं. जायचं. मुंबईत मी 31 वर्षं चाकरमानी होतो, फोर्टातल्या एका कचेरीत, इंग्रजी पत्रव्यवहाराच्या टेबलावर. ‘विथ रेफरन्स टू युअर लेटर’, ‘आय ॲम डायरेक्टेड टू स्टेट’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ या तीन वाक्यांवर माझा संसार, दोन मुलांची शिक्षणं आणि आजची पेन्शन उभी आहे. निवृत्त होऊन देवगडला परतलो, कलमांची बाग सांभाळायला घेतली, घराला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. मागल्या मे महिन्यात त्यातल्या एका खोलीत हा साहेब उतरला. लंडनजवळ कुठेतरी त्याचं फळांचं दुकान आहे, एका भागीदारासोबत. पहिल्या दिवशी त्याने हापूस सुरीने कापून काट्याने खाल्ला. तिसऱ्या दिवशी तो बाठा चोखत होता आणि रस कोपरापर्यंत आला होता. जाताना म्हणाला, पुढल्या हंगामात थेट तुमच्याकडून घेतो. आम्ही आठ बागायतदार एकत्र आलो आणि पत्रव्यवहाराचं काम एकमताने माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. साहेबाने लिहिलं, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व, ‘आय ॲम अ बिट अंडर द वेदर.’ हवामानाखाली आपण सगळेच असतो. मी सौजन्याने देवगडचं हवामान कळवलं. दिवसा ऊन, पहाटे गारवा, मोहोराला पोषक, तुडतुडे आटोक्यात. चार दिवसांनी साहेब म्हणतो, आता मी ‘राइट ॲज रेन’ आहे. पुतणी म्हणाली, म्हणजे पावसासारखा ठणठणीत. आता हवामानाने आजारी पडणारा माणूस पावसाने बरा कसा होतो? ज्याने ही म्हण काढली त्याने आमचा जुलै पाहिलेला नाही. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर कोसळतो. त्या दिवसांत पापड, वह्या आणि माणसं यांच्यापैकी ठणठणीत काहीच राहत नाही.

मग भागीदाराचं निघालं. साहेबाने लिहिलं, भागीदाराला ‘कोल्ड फीट’ आलेत. थंडीचे दिवस, तिकडे बर्फ, माणसाचे पाय गार पडणारच. मी आमच्या हिला सांगितलं. ती म्हणाली, “तिळाच्या तेलात लसूण नि ओवो कडकडव म्हणान सांगा. रातचे तळपायांक चोळूचा नि मोजे घालून निजाचा. दोन दिवसांत पाय गरम.” मी हे जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. ओव्याला इंग्रजी शब्द शोधायला अर्धा तास गेला. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ घातलं आणि पाठवलं.

साहेबाचं उत्तर एका ओळीचं होतं. ‘आय वॉज इन स्टिचेस!’

ओळ वाचून माझ्या छातीत धस्स झालं. टाके! भागीदाराच्या पायाला तेल चोळता चोळता साहेबाला टाके कसे पडले? तेल सांडलं असेल, तो घसरून पडला असेल. पुतणी परीक्षेसाठी रत्नागिरीला होती, फोन लागत नव्हता. आमची ही तर रडकुंडीला आली, कारण तेल तिचं होतं. शेवटी आम्ही दोघं रवळनाथाच्या देवळात गेलो आणि घाड्याला, म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणाऱ्याला, गाराणं घालायला सांगितलं. त्याने आधी पेशंटचं गाव विचारलं. मी लंडन सांगितल्यावर तो थोडा थांबला, बहुधा हद्दीचा विचार करत असावा. मग त्याने नारळ हातात घेतला.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे जो नारळ ठेवलो हा, तेचो मान करून घी. सातासमुद्रापलीकडे जो सायब आसा, तेका जे टाके पडले ते भरान येवंदेत. तेच्या भागीदाराचे पाय गार पडले, ते गरम होवंदेत. आणि आंब्याच्या पेट्यांचे पैसे वेळेर येवंदेत, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही दोघं.

रात्री पुतणीचा फोन लागला. साहेब हसून हसून लोटपोट झाला होता, एवढंच. पाय गार पडणे म्हणजे ऐनवेळी कच खाणे. भागीदाराला धंद्याची भीती वाटत होती, पायांना काही झालं नव्हतं. “मग तेल?” हिने विचारलं. तेल फुकट गेलं होतं.

त्यानंतर मी सावध झालो. पण सावधपणाचंही वेगळं नुकसान असतं. साहेबाने पुढच्या ईमेलीत 2014 सालची आठवण काढली. त्या वर्षी मे महिन्यात युरोपियन युनियनने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती, ती 2015 च्या जानेवारीत उठली. त्याचा धसका घेऊन साहेब म्हणाला, मला ‘हॉट वॉटर’मध्ये पडायचं नाही. (म्हणजे अडचणीत, हे मागाहून कळलं.) मी तत्काळ खडसावलं, साहेब, हॉट वॉटरला इलाज नाही! फळमाशीची अंडी मरावीत म्हणून युरोपकडे जाणारा आंबा 48 अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात, आणि तुमच्यासारख्यांच्याच समाधानासाठी ठेवतात. त्यात तुम्हाला पडायला कोणी सांगितलंय, आंबा पडणार आहे. साहेबाने यावर काय समजून घेतलं ते देव जाणे. त्याने फक्त लिहिलं की आता ‘द बॉल इज इन युअर कोर्ट.’

कोर्ट हा शब्द कोकणातला माणूस हलक्याने घेत नाही. आमच्या सातबाऱ्यावर 27 नावं आहेत. बांधावरच्या एका फणसावरून आजोबांनी चुलत्यांवर दावा लावला होता. फणस केव्हाच वठला, दावा अजून हिरवागार आहे. त्यामुळे ‘तुमच्या कोर्टात’ हे वाचल्याबरोबर मी ईमेल छापून घेतली आणि थेट वकिलाकडे गेलो. तात्या साक्षीदार म्हणून आले.

“सायबान केस घातल्यान?” एसटीत त्यांनी तीनदा विचारलं.

वकिलांनी कागद उलटसुलट वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. म्हणाले, “दावा अजून दाखल झालेला दिसत नाही. पण गाफील राहू नका. आपण कॅव्हेट टाकून ठेवू, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय कोर्ट हुकूम काढणार नाही.” पाचशे रुपये. मी चेंडूच्या वाटेकडे डोळे लावून बसलो आणि साहेब आमच्या होकाराची वाट बघत बसला. एप्रिल संपत आला, भागीदाराचे पाय गारच राहिले, आणि मग ते ‘पास’ आलं. ते पेढे.

मे महिन्यात परीक्षा देऊन पुतणी घरी आली. एम. ए. इंग्रजी. तिचा मला अभिमान आहे आणि तो मी साहेबाला आधीच कळवला होता, ‘माय नीस विल पास आउट इन मे.’ त्यावर साहेबाने काळजीने विचारलं होतं की तिने डॉक्टरला दाखवलं का. आपण पदवी घेऊन ज्यातून बाहेर पडतो, त्यात साहेब बेशुद्ध पडतो. आउटच्या जागी अवे घातलं तर माणूस थेट जातोच. एवढ्याशा शब्दावर जीव अवलंबून असलेली भाषा मी 31 वर्षं निर्धास्तपणे कशी लिहिली?

पुतणी म्हणाली, “काका, तुम्ही लिहिलीच नाहीत. तुम्ही वेगळीच लिहीत होतात.” आणि ते खरं निघालं. कचेरीत आम्ही ‘पोस्टपोन’ करायचो, साहेब घरी ‘पुट ऑफ’ करतो. आम्ही ‘रिजेक्ट’ करायचो, तो ‘टर्न डाउन’ करतो. आम्ही ‘टॉलरेट’ करायचो, तो ‘पुट अप विथ’ करतो. मोठमोठे लॅटिन कुळातले शब्द आम्हाला घोकायला लावले, आणि साहेब स्वतः मात्र पुट, टेक, गेट, ब्रेक या चार भांड्यांत सगळा स्वयंपाक उरकतो. वरून अप, डाउन, ऑफ, आउट यांची चिमूट पडली की तीच भाजी कधी गोड, कधी तिखट. ‘ब्रेक डाउन’ मला एसटीमुळे ठाऊक होतं. ‘ब्रेक आउट’ म्हणजे साथ उसळणे. ‘ब्रेक इव्हन’ म्हणजे ना नफा ना तोटा, म्हणजे आमचं चांगलं साल. ‘ब्रेक अप’ विचारलं तर म्हणाली, “ते तुम्हाला लागणार नाही.”

या प्रकाराला फ्रेजल व्हर्ब हे नाव 1925 साली लोगन पिअर्सल स्मिथने छापलं, असं तिने सांगितलं. त्याआधी दुखणं होतं, निदान नव्हतं. आणि दुखणं जुनं होतं. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच कबूल केलंय की क्रियापदाला शेपूट जोडायची ही आमची रीत परक्यांना सगळ्यात अवघड जाते. जवळजवळ पावणेतीनशे वर्षांपूर्वी कबुली दिली म्हणजे मनुष्य प्रामाणिक, पण कबुली देऊन सुधारणा काहीच केली नाही, हे मात्र अगदी सरकारी वाटतं.

धंद्याचं इंग्रजी तर आणखी निसरडं. साहेबाचं दुकान ‘इन द ब्लॅक’ आहे हे वाचून मी पुतणीला हळू आवाजात विचारलं, हे तो ईमेलवर कसं लिहितो? ती म्हणाली, जमाखर्चात तोटा लाल शाईने लिहीत, नफा काळ्या. म्हणजे साहेबाचं ब्लॅक आयकराला दाखवण्यासाठी असतं.

यंदाच्या मे महिन्यात साहेब पुन्हा आला, आठ दिवसांसाठी, आणि येताना मराठी शिकायचं ठरवून आला. पुतणीने त्याला एक वही दिली. मी खुर्ची ओढून बसलो. इतके महिने मी ज्याची वाट पाहत होतो ते आता होणार होतं.

पहिल्याच सकाळी आमच्या हीचा आवाज फुटत नव्हता. “घसा बसला,” मी सांगितलं. साहेबाने विचारलं, कुठे बसला? तात्यांच्या नातवाचे डोळे आले होते. साहेब म्हणाला, आधी कुठे गेले होते? माझी मान धरली होती, त्याने पाहिलं की कोणीच धरलेली नाही. शेजारच्या सुनेला दिवस गेलेत म्हटल्यावर त्याने सहानुभूतीने विचारलं, किती? हळूहळू त्याच्या लक्षात आलं की मराठी माणसाच्या शरीराचे अवयव सदैव प्रवासात असतात. धंदाही आमचा बसतोच, घशासारखा, आणि उठत मात्र नाही.

संध्याकाळी तो तात्यांच्या दुकानात काडेपेटी आणायला गेला. तात्या म्हणाले, “चला, दुकान वाढवतंय आता.” साहेबाने त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. तात्यांनी हात सोडवून फळ्या लावल्या, कुलूप घातलं, दिवा मालवला आणि घरी गेले. साहेब बराच वेळ बंद दुकानासमोर उभा होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं की तात्यांची नवी शाखा नक्की कुठे आहे.

त्या रात्री खळ्यात बसलो असताना साहेब म्हणाला, दुकानातल्या एका पोराला त्याला ‘लेट गो’ करावं लागलं. मी या वेळी फसलो नाही. ऐटीत म्हणालो, “म्हणजे त्याला नारळ दिलात.” साहेबाला ते फार आवडलं. नोकरीवरून काढताना नारळ! त्याने दोनदा म्हणून पाहिलं, वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

जायच्या दिवशी दुपारी बोलणं पक्कं झालं. पुढल्या हंगामात 200 पेट्या, भागीदाराचे पाय गरम, आगाऊ रक्कमही ठरली. रिक्षा दारात आली. साहेब बॅग उचलणार एवढ्यात आमची ही आतून ताम्हण घेऊन आली, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मोठ्या मायेने, दोन्ही हातांनी, त्याच्या ओंजळीत नारळ ठेवला.

साहेबाचा चेहरा उतरला. त्याने नारळ काखेत धरला, खिशातून वही काढली, पान शोधलं, बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे बघून अगदी शुद्ध मराठीत विचारलं,

“काका, माझं काय चुकलं?”