मशीनचा विमा आहे, मिस्त्रीचा कुठंय?

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हापासून मी एकच गोष्ट मागायलोय. मी लोकांच्या पोकलेन, जेसीबी, रोलर रिपेर करतो, साईटवर जाऊन करतो, उद्या माझ्या हातनं काय उलटंसुलटं झालं तर भरपाई देणारी पॉलिसी पाहिजे, हप्ता सांगा, भरतो. एवढंच. आणि आज एप्रिल उजाडला, उन्हात चेसीला हात लावला तर कातडी निघायलीय, आणि मला आजपर्यंत काय दाखवलं माहितेय? दोन चाइल्ड प्लॅन, एक पेन्शन प्लॅन, आणि एका महाभागानं माझ्या पिकअपचीच पॉलिसी नवीन करून द्यायची ऑफर दिली, आधीची संपायला पाच महिने असताना. नव्या पेठेत डोळे मिटून दगड मारला तर विमा एजंटालाच लागेल एवढे एजंट आहेत गावात, पण माझ्या कामाचं नाव काढलं की सगळ्यांचा चेहरा सारखाच होतो.

तेरा वर्षं मशीनच्या डीलरकडं नोकरी केली. तिथं विमा हा शब्द कधी तोंडातनं काढावा लागला नाही, कंपनीचं आयकार्ड दाखवलं की गेट उघडायचं. दिवाळीनंतर सोडली, मुद्रामधनं चार लाख घेतले, जुनी पिकअप घेतली, हत्यारं घेतली, आणि तिथंच पहिली माशी शिंकली. बँकेतल्या साहेबांनी सह्यांच्या गठ्ठ्यात एक आयुर्विम्याचा फॉर्म सरकवला. "हे कंपल्सरी असतं." नसतं ओ ते कंपल्सरी, मला नंतर कळलं, पण तोवर खात्यातनं हप्ता गेला होता. म्हणजे जो विमा मागितला नाही तो पाच मिनिटात झाला आणि जो मागतोय तो सापडेना.

मग पहिलं मोठं काम आलं, शहराबाहेरच्या एका प्लांटवर लोडरचं. गेटवरचा म्हणतो, "ईएसआय नंबर द्या नायतर डब्ल्यूसी पॉलिसी दाखवा." ईएसआय म्हणजे सरकारी कामगार विमा, आणि डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन कॉम्पेन्सेशन, कामावर माणसाला काय झालं तर भरपाई देणारी पॉलिसी. मी म्हटलं दादा, आम्ही दोघंच, मी आणि हे एक पोरगं, ईएसआयला दहा माणसं लागतात. "मग डब्ल्यूसी आणा." मूळ कायदा 1923 चा, 2010 ला त्याच्या नावातलं वर्कमेन जाऊन एम्प्लॉई आलं, आता तर तो नवीन लेबर कोडमधे गेला, पण गेटवर आजून डब्ल्यूसीच चालतंय, ते असू दे. डब्ल्यूसी शोधायला गेलो तर पहिला एजंट म्हणतो, "एकाच माणसाची? पाच तरी दाखवा की, बघतो मग." आता चार माणसं काय भाड्यानं आणू का बे? आत्याच्या पोरांना हेल्पर दाखवू? दुसऱ्यानं फोन उचलायचा बंद केला. तिसऱ्यानं केली एकदाची, पण तीन आठवड्यांनी, आणि तोवर लोडरचं काम दुसरा मिस्त्री करून, बिल घेऊन, मोकळा झालेला.

बरं, ती डब्ल्यूसी झाली पोराची. माझं काय? मला ती लागूच नाही, मी मालक. मालक! सकाळी सातला ट्रॅकखाली झोपून ग्रीस खाणारा मालक. म्हणून स्वतःसाठी अपघात विमा काढायला गेलो तर एजंट पोरगा टॅबवर फॉर्म भरताना कामाच्या रकान्यात काय टाकतो, "ऑफिस / प्रशासन". मी म्हटलं हे काय? तर म्हणे, "मिस्त्री टाकलं की रिस्क क्लास वाढतो, हप्ता वाढतो, हे स्वस्तात बसतंय." अरे बाबा, उद्या पिन ठोकताना बोट गेलं आणि मी क्लेम टाकला तर कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार ना, की ऑफिसातल्या माणसाचं बोट बूमच्या पिनमधे कसं गेलं? क्लेम गेला तिथंच, वर खोटी माहिती दिली म्हणून शिक्का माझ्यावर, आणि हा पठ्ठ्या तोवर दुसऱ्या कंपनीत. मी बळंच "हेवी मशीन मेकॅनिक" टाकायला लावलं. हप्ता किती वाढला? वर्षाचे काहीशे रुपये. एवढ्यासाठी तो माझी पूर्ण पॉलिसीच कुचकामी करायला निघाला होता.

हत्यारांचं ऐका आता. पान्यांचे सेट, टॉर्क रेंच, प्रेशर गेज, चेन पुली, जॅक, लॅपटॉप, सगळं धरून साडेतीन लाखांचा माल माझ्या पिकअपमधे असतो. एजंट म्हणाला, आहे की, सूक्ष्म उद्योगांसाठी 2021 पासून स्टँडर्ड पॉलिसीच काढलीय, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. नाव बघून मला वाटलं माझ्यासाठीच काढली. घरी येऊन कागद वाचला. आग, पूर, वादळ, दंगा ठीक आहे, चोरी पण आहे, पण कसली चोरी, तर आग किंवा पूर असलं काहीतरी झाल्यामुळं, त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली. म्हणजे चोरानं आधी आग लागायची वाट बघायची! बरं मग साध्या चोरीसाठी बर्गलरी घ्या म्हणतात. बर्गलरीला काय पाहिजे, तर जागा, दार, आणि ते दार फोडल्याची खूण. माझी जागा कुठंय? आज मोहोळकडचा क्रशर, उद्या मंगळवेढ्याकडचं रस्त्याचं काम, परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाया खणायलेत तिथं. "शेडचा पत्ता सांगा" म्हणतात. शेड नाही ओ! मशीन माझ्याकडं येत नाही, वीस टनाची पोकलेन काय स्कूटर आहे का ढकलत आणायला, मी मशीनकडं जातो. आणि पिकअपच्या मोटर पॉलिसीत? गाडी चोरीला गेली तर गाडीचे पैसे, आत ठेवलेल्या पान्यांचे नाहीत.

पण खरी आग डोक्यात गेली ती पुढच्याला. 

महिनाभर फिरून एक जरा जाणकार माणूस भेटला, त्यानं सांगितलं तुम्हाला कमर्शियल जनरल लायबिलिटी लागते, म्हणजे धंद्यात तुमच्या हातनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारी, कोटेशन पण मागवलं. मी खूश. पीडीएफ आली, इंग्लिश, बारीक अक्षर, भाच्याला घेऊन बसलो रात्री. त्यात एक ओळ निघाली, केअर, कस्टडी अँड कंट्रोल. जी वस्तू तुमच्या ताब्यात आहे, तुमच्या देखरेखीखाली आहे, तिचं नुकसान वगळून. म्हणजे मी पोकलेन टेस्ट घेताना बकेट शेजाऱ्याच्या कंपाउंडला लागली तर भिंतीचे पैसे मिळतील. पण ज्या पोकलेनवर मी हात घातलाय, जी उघडून बसलोय, तिलाच काय झालं तर नाही. अहो मग मी विमा कशाचा काढतोय? भिंतीचा?

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांना सांगतो भीती कशाची आहे. मागच्या आठवड्यात क्रशरवर होज, म्हणजे मशीनचा तेलाचा पाईप, बदलत होतो. पाईप काढला की लगेच दोन्ही तोंडांना प्लास्टिकची पिशवी बांधून वर रबर लावतो, कारण वारा सुटलेला, क्रशरची पांढरी धूळ पिठासारखी उडायलीय, आणि त्या तोंडातनं चिमूटभर धूळ आत गेली तर ती तेलाबरोबर फिरत फिरत व्हॉल्व्ह, पंप सगळं खरवडणार. आत साडेतीनशे बारच्या आसपास प्रेशर चालतं, गळती शोधायची तर हात नाही फिरवायचा, पुठ्ठा फिरवायचा, सुईएवढ्या भोकातनं तेल कातडीत घुसतं. मेन पंप गेला तर खर्च लाखांत. माझं त्या दिवशीचं बिल होतं अठराशे रुपये. अठराशेच्या कामात लाखांची टांगती तलवार, आणि ती तलवारच पॉलिसीतनं वगळलेली.

मालक लोक म्हणतात आमच्या मशीनचा विमा आहे की, तू कशाला घाबरतो. असतो ना, सीपीएम असतो, ठेकेदाराच्या मशीनरीचा विमा. पण त्यात मशीनमधला अंतर्गत मेकॅनिकल बिघाड वगळलेलाच असतो. आणि समजा काम चालू असताना मशीन कलंडली, त्यांच्या कंपनीनं त्यांना पैसे दिले, तर तीच कंपनी मालकाच्या जागी उभी राहून माझ्याकडं वसुलीला येऊ शकते. सब्रोगेशन म्हणतात त्याला. पन्नास लाखाच्या मशीनची वसुली माझ्या पिकअपमधनं करणार.

आणि हे सगळं झाल्यावर वर 18 टक्के जीएसटी. सप्टेंबर 2025 मधे वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला म्हणून टीव्हीवर केवढं कौतुक चाललेलं, धंद्याच्या पॉलिसीला मात्र तसाच आहे. माझी उलाढाल वीस लाखांच्या आत, जीएसटी नंबर नाही, त्यामुळं परत मिळायचा प्रश्नच नाही. तक्रार करावी तर नियम करणारे हैदराबादला, विमा लोकपाल पुण्याला, आम्ही बरोबर मधे हायवेवर, आणि तक्रार तरी कशाची करायची, पॉलिसीच नाही तर क्लेम कसला.

त्या जाणकार माणसाला मी विचारलं, ताब्यातल्या मशीनचं कव्हर जोडून मिळत नाही का? म्हणाला मिळू शकतं, हेड ऑफिसला विचारावं लागेल, अंडररायटर, म्हणजे जोखीम घ्यायची का नाही बघणारा कंपनीचा माणूस, ठरवेल, पण एवढ्या छोट्या फाईलला ते हात लावत नाहीत, तुम्ही दहा-पंधरा माणसं झालात की या. म्हणजे मोठा झालो की छत्री देणार, आणि पाऊस आता पडायलाय.

शेवटी काय केलं सांगू का? शिक्केवाल्याकडं जाऊन दीडशे रुपयात एक रबरी शिक्का करून घेतला, "काम मशीन मालकाच्या जबाबदारीवर", आणि बिलबुकावर मारायला लागलो. काल एका ठेकेदाराला बिल दिलं. त्यानं शिक्का वाचला, चष्मा काढला, परत वाचला, आणि म्हणाला, "मिस्त्री, जबाबदारी माझी, तर मग बिलातले पाचशे कमी कर की बे."

केले कमी.