ब्रॉडबँड घेऊ इच्छिणाऱ्या ग्रामस्थांस हितोपदेश

2009 साल सरत आले आहे, कापसाची वेचणी निम्मी उरकली आहे, हाती थोडाफार पैसा आला आहे आणि आता आपल्याही घरी इंटरनेट असावे अशी इच्छा तुमच्या मनात बळावली असेल, तर प्रथम तुमचे अभिनंदन. यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यात ब्रॉडबँड घेण्यासाठी जी श्रद्धा आणि सबुरी लागते, ती तुमच्या अंगी आहे असे गृहीत धरून हे चार शब्द लिहीत आहे. एक तत्त्व मात्र आधीच पाठ करून ठेवावे. सेवेत दोष कधीच नसतो. दोष असतो तो ग्राहकात. टेलिफोन कंपनीचा सगळा कारभार याच पायावर उभा आहे आणि तुम्ही ते एकदा मनापासून मान्य केलेत की पुढचे सगळे सुसह्य होते.

अर्ज केल्यावर कामकाजाच्या पंधरा दिवसांत जोडणी मिळाली पाहिजे, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा 2006 पासूनचा नियम आहे. त्याला एकच लहानशी अट जोडलेली आहे, ती म्हणजे जोडणी तांत्रिकदृष्ट्या शक्य असली पाहिजे. ही शक्यता तपासणारा लाइनमन, तार ओढणारा लाइनमन आणि तक्रार आल्यावर येणारा लाइनमन ही एकच व्यक्ती असून ती सध्या दुसऱ्या गावाला गेलेली असते. त्याची वाट पाहताना थोडे विज्ञान समजून घ्यावे. ब्रॉडबँड येते ते टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेतून, आणि टेलिफोन एक्स्चेंजपासून तार जितकी लांब जाईल तितका सिग्नल क्षीण होत जातो. चार-पाच किलोमीटरनंतर त्यात फारसे काही उरत नाही. तेव्हा ज्यांना खरोखरच इंटरनेट हवे आहे, त्यांनी वडिलोपार्जित घर विकून एक्स्चेंजच्या भिंतीला लागून जागा घ्यावी हे उत्तम. ज्यांना ते जमत नसेल, त्यांनी निदान मुलीसाठी स्थळ पाहताना वावर किती एकर आहे हे विचारून झाल्यावर घर एक्स्चेंजपासून किती लांब आहे, हेही विचारून घ्यावे.

तार ज्या मार्गाने तुमच्या घरी येते, तो मार्ग एकदा पायी चालून पाहण्यासारखा आहे. जमिनीखालून आलेली केबल चौकातल्या पेटीत संपते. पेटीचे दार कधीकाळी होते. तिथून निघालेली तार आधी कडुलिंबाच्या फांदीवर विसावते, मग समाजमंदिराच्या गच्चीवरच्या उघड्या सळईला एक वेढा घालते, एका वावराच्या धुऱ्यावरच्या वाकलेल्या खांबावरून तुमच्या कौलांवर उतरते आणि खिडकीच्या फटीतून आत शिरते. वाटेत जिथे जिथे ती तुटली होती तिथे तिथे जोड आहेत, आणि त्यांत पाणी जाऊ नये म्हणून त्यांवर खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, रिकामी पन्नी गुंडाळून सुतळीने बांधलेली आहे. या पन्नीला हसू नये. कंपनीने या गावात केलेली ती एकमेव देखभाल आहे, आणि तीही लाइनमनने स्वतःच्या खर्ऱ्याच्या खर्चातून केलेली आहे. वानरांची टोळी त्या तारेला लोंबकळते तेव्हा इंटरनेट जाते, याबद्दलही वानरांना दोष देऊ नये; त्यांच्याकडून कंपनीने अनामत रक्कम घेतलेली नाही.

आता वेगाविषयी. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2004 मध्ये ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला किमान 256 किलोबिट वेग असेल त्यालाच ब्रॉडबँड म्हणावे, असे ठरवले. आठ बिटांची एक बाइट होत असल्यामुळे संगणकाच्या पडद्यावर हा आकडा किलोबाइटमध्ये जेमतेम 32 दिसतो. तो पाहून आपली फसवणूक झाली अशी ओरड करणारा ग्राहक गणितात कच्चा असतो. याच गणिताने आणखी एक गोष्ट कळते. स्वस्तातल्या योजनेत महिन्याला एक जीबीची मर्यादा असते, आणि त्यापुढे प्रत्येक एमबीचे वेगळे पैसे पडतात. कबूल केलेला वेग अखंड मिळाला, तर ही महिन्याभराची शिदोरी अवघ्या नऊ तासांत संपते. म्हणजे कंपनीने आपला शब्द पाळला असता तर तुमचे दिवाळे निघाले असते. तसे होऊ नये म्हणून ती बिचारी वेग कधीही कबुलीइतका येऊ देत नाही, आणि तरीही लोक तिचे आभार मानत नाहीत.

थोडे जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी रात्री दोन ते सकाळी आठ इंटरनेट अमर्याद असते. ही योजना ज्याने आखली, त्याला आमच्याकडच्या शेतकऱ्याची दिनचर्या नक्कीच ठाऊक असावी. दिवसा भारनियमन असल्यामुळे कृषिपंपाची वीज बहुधा रात्रीच येते. तेव्हा तुरीला पाणी द्यायला जाताना आधी संगणकावर फाइल उतरवायला लावावी, मग बॅटरी घेऊन वावरात जावे, आणि पहाटे परत आल्यावर ती फाइल बारा टक्क्यांवर थांबलेली पाहावी. एका जागरणात दोन कामे होतात.

इंटरनेट बंद पडल्यावर मदतकेंद्राला फोन करण्याचा मोह होईल. तो आवरू नये, कारण त्यातून मनुष्यस्वभावाचे बरेच शिक्षण मिळते. नियमाप्रमाणे 60 टक्के फोन 60 सेकंदांत आणि 80 टक्के फोन 90 सेकंदांत जिवंत माणसाने उचलले पाहिजेत. उरलेल्या 20 टक्क्यांत कुणीतरी बसावेच लागते, आणि विकासाच्या अनुशेषाची सवय असलेल्या विदर्भाने ती जबाबदारी विनातक्रार पत्करली आहे. फोन लागलाच, तर पलीकडचा मुलगा अत्यंत अदबीने मॉडेमवरचे कोणते दिवे लागले आहेत असे हिंदीत विचारील. गावात वीजच गेली असल्यामुळे एकही दिवा लागलेला नाही, असे तुम्ही सांगाल. मग तो मॉडेम बंद करून पुन्हा चालू करायला सांगेल. बंद मॉडेम बंद कसा करावा असा वितंडवाद न घालता, हो केला, असे म्हणावे, कारण त्याच्यापुढच्या कागदावर पुढचा प्रश्न त्या उत्तरानंतरच येतो. शेवटी तो तक्रार क्रमांक देईल. हा क्रमांक दहा-बारा आकडी असतो आणि तो जपून ठेवावा, कारण कंपनीकडून वेळेवर आणि पूर्ण मिळणारी तेवढी एकच वस्तू आहे.

तक्रारीचे पुढे काय होते, हे समजून घेतल्याशिवाय आदर्श ग्राहक होता येत नाही. बिघाड कामकाजाच्या तीन दिवसांहून अधिक राहिला तर सात दिवसांचे भाडे, सात दिवसांहून अधिक राहिला तर पंधरा दिवसांचे, आणि पंधरा दिवसांहून अधिक राहिला तर पूर्ण महिन्याचे भाडे ग्राहकाला माफ करावे, असा नियम आहे. नियम चांगला आहे, आणि कंपनी तो काटेकोर पाळते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमच्या मोबाइलवर तक्रारीचे निवारण झाल्याचा संदेश येतो. मॉडेमवरचा दिवा तसाच लुकलुकत असतो, हा तपशिलाचा भाग झाला. तुम्ही पुन्हा फोन करता, नवा क्रमांक मिळतो, आणि नियमाचे घड्याळ पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. अशा रीतीने महिनाभर बंद असलेली जोडणी कागदोपत्री एकदाही तीन दिवसांहून अधिक बंद राहत नाही. लाइनमन मात्र यापेक्षा प्रामाणिक असतो. तो एखाद्या बाजाराच्या दिवशी भेटतोच आणि स्वच्छ सांगतो, “भाऊ, लाईन तर तिकडूनच नाही येऊन राहिली. मी काय करू सांगा बरं?” त्याला चहा पाजावा. त्याच्याशी भांडणे म्हणजे गावात कंपनीचा जो एकुलता एक माणूस आहे, तोही गमावणे होय.

बारावीच्या निकालाचा दिवस हा ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे त्याच्या प्रतिष्ठेचा दिवस असतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. सकाळपासून अर्धी आळी आसन क्रमांकाच्या चिठ्ठ्या घेऊन तुमच्या ओसरीवर बसते. घरातल्या बाईला चहाचे आधण तीनदा वाढवावे लागते. संकेतस्थळाचे पान वरून दोन बोटे उघडते, शिक्षण मंडळाचे बोधचिन्ह दिसते, आणि तिथेच सगळे थांबते. अशा वेळी घरधन्याने गंभीर मुद्रेने, “सर्व्हर डाऊन आहे,” असे म्हणावे; त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. नंतर हळूच मागच्या अंगणात जाऊन पुण्याच्या भाच्याला मोबाइलवरून सगळे आसन क्रमांक वाचून दाखवावेत आणि निकाल घेऊन यावे. ब्रॉडबँडची अब्रू राखण्यासाठी हे असत्य क्षम्य आहे.

मृग लागला की मॉडेमची तार आठवणीने काढून ठेवावी, एवढी एकच सूचना मी गांभीर्याने करतो, कारण विजा तारेतूनच घरात येतात. मॉडेम भाड्याचा असला तरी जळालेला मॉडेम तुमचा असतो.

इतके होऊनही कोर्टकचेरी करण्याची भाषा तुमच्या तोंडी येत असेल, तर तीही हौस फिटण्याची सोय झाली आहे. टेलिफोनच्या बिलासंबंधीचे वाद ग्राहक मंचापुढे चालणार नाहीत, ते 1885 च्या तार अधिनियमातल्या कलम 7-ब प्रमाणे लवादाकडे न्यावेत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने यंदाच 1 सप्टेंबरला दिला आहे. हा कायदा झाला तेव्हा बेलच्या टेलिफोनला पेटंट मिळून नऊ वर्षे झाली होती. लवाद केंद्र सरकारने नेमायचा असतो, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी त्याचे कार्यालय शोधत फिरू नये. एसटीचे भाडे फुकट जाते.

राहता राहिला जोडणी परत करण्याचा मार्ग. त्यासाठी अर्ज, थकबाकी नसल्याचा दाखला, शेवटच्या बिलाची पावती, मॉडेम, त्याचे अडॅप्टर, स्प्लिटर आणि ज्या खोक्यातून हे सगळे आले होते तो मूळ खोका एवढे घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. खोक्यात एव्हाना हळद भरून ठेवलेली असेल; ती काढून घ्यावी. अर्ज स्वीकारला गेल्यानंतरही बिले येत राहतात. ती भरू नयेत. बिल मुदतीत न भरल्यास सेवा खंडित करण्यात येईल, असा इशारा त्यांच्या तळाशी ठळक अक्षरांत छापलेला असतो, आणि अर्ज करून जे झाले नाही, ते निदान या वाटेने तरी होण्याची थोडी आशा असते.