कमी चाललेली गाडी

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. "मामा, एक लिंक पाठवलीय, लगेच बघ. पोर्शे बॉक्स्टर, 2010 ची. फक्त 9,000 किलोमीटर! एकच मालक, कायम बेसमेंटमध्ये झाकून ठेवलेली." त्याच्या आवाजातला आनंद मला चांगलाच ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी मी बायकोला अगदी हेच शब्द ऐकवले होते.

मी म्हटलं, नको घेऊस. झाकून ठेवलेली आहे म्हणूनच नको घेऊस.

तो नाराज झाला. फोनवर नीट समजावता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय. सेकंड हँड स्पोर्ट्स कारचं स्वप्न बघणारे बरेच जण माझ्या मित्रयादीत आहेत, त्यांनीही वाचा.

आपल्याकडे जुनी गाडी बघताना पहिला प्रश्न एकच: किती चाललीय? आकडा जितका लहान तितकी गाडी चांगली, हे आपण धरूनच चालतो. स्विफ्ट किंवा होंडा सिटीला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो, कारण कमी म्हटलं तरी त्या आठवड्यातून चार दिवस बाहेर निघतात. स्पोर्ट्स कारचं तसं नसतं. पंधरा वर्षांत 9,000 किलोमीटर म्हणजे महिन्याला पन्नास. म्हणजे गाडी चाललेलीच नाही, उभी राहिलीय. आणि यंत्र उभं राहिलं की खराब होतं. माझं मशीन शॉप आहे, पंचवीस वर्षं लेथ आणि मिलिंगमध्ये गेली. बंद पडून राहिलेलं मशीन परत सुरू करताना काय काय निघतं हे मला माहीत होतं. तरी गाडी घेताना मी मीटरच बघितला.

माझी बॉक्स्टर 2011 ची, 2.9 लिटरची, 255 हॉर्सपॉवर. घेतली तेव्हा मीटरवर 11,800 किलोमीटर होते. किंमत 26 लाख. पहिल्या वर्षात तिच्यावर आणखी 5 लाख 40 हजार गेले, आणि त्यातला एकही रुपया 'जास्त चालली' म्हणून गेला नाही.

टायरपासून सांगतो. विकणारा म्हणाला, टायर नवेच आहेत. नक्षी खरोखर पूर्ण होती. पण टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर 2311 होतं. 2011 सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे कंपनीतून आलेलेच टायर. रबर इतकं कडक झालं होतं की नखाने दाबलं तरी खूण उमटेना. असे टायर ओल्या रस्त्यावर धरत नाहीत. चारही बदलले. पोर्शेसाठी मान्यता मिळालेल्या टायरवर एन आणि एक आकडा असा शिक्का असतो, तेच घेतले. इथे पैसे वाचवू नका.

मग जुलै आला. सकाळी दार उघडलं तर आत ओल्या गोणपाटाचा वास. सीटच्या मागे गालिचावर हात ठेवला तर बोटांमधून पाणी वर आलं. दुपारपर्यंत एअरबॅगचा लाल दिवा लागला, कारण सीटखालच्या कनेक्टरपर्यंत ओल पोचली होती. माझी खात्री झाली की कापडी टॉप, म्हणजे गाडीचं उघडता-मिटता येणारं छप्पर, फाटलाय, आणि पोटात गोळा आला, कारण तो टॉप बदलायचा म्हणजे लाखांचं काम. माझ्या मेकॅनिकने काही न बोलता टॉप अर्धा उघडून तसाच थांबवला आणि कोपऱ्यात टॉर्च मारली. टॉपवरचं पाणी वाहून जायला तिथे दोन्ही बाजूंना भोकं असतात. ती काळ्या चिखलाने गच्च भरली होती. त्याने फिश टँकची पातळ नळी हळूहळू आत सरकवली, पाणी सोडलं, आणि खाली जमिनीवर जे पडलं ते बघून मला ओळख पटली: गुलमोहराची पानं. ती बारीक-बारीक पानं वर्षानुवर्षं आत जाऊन कुजली होती. गाडी कायम बेसमेंटमध्ये होती हे मला सांगितलेलं खोटं होतं, हेही तेव्हाच कळलं. ती कुठल्या तरी झाडाखाली उभी होती. आता दर मे महिन्यात मी स्वतः ती भोकं साफ करतो. वीस मिनिटांचं काम आहे.

पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतही तोच प्रकार. बॉक्स्टरचं इंजिन सीटच्या मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत, आणि त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. त्या दोघांच्या फटीत पालापाचोळा साचतो, ओला राहतो आणि अॅल्युमिनियम खातो. बंपर उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. गाडी घेण्याआधी बंपर उतरवून बघायला विकणारा तयार नसेल, तर त्याला नमस्कार करून निघून या.

बाकीचं भराभर सांगतो. चाकं धरणाऱ्या खालच्या आर्मचे रबरी बुश तडकलेले. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला केसाएवढी चीर. बॅटरी मेलेली. ब्रेक ऑइल काळं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून गाडी चालो न चालो दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. पण 'गाडी चाललीच नाही, सर्व्हिस कशाला' असं आधीच्या मालकाला वाटलं असणार. कागदपत्रांच्या फायलीत सहा वर्षांचं एकही बिल नव्हतं, आणि मी त्याचा अर्थ 'काही बिघडलंच नाही' असा लावला. ही माझी खरी चूक.

इंजिनाबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. 1996 पासून साधारण 2008 पर्यंतच्या बॉक्स्टरमध्ये एक इंटरमीजिएट शाफ्ट असतो, क्रँक म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याकडून, झडपा उघडणाऱ्या कॅमच्या चेनला गती देणारा. त्याच्या टोकाचं बेअरिंग निकामी झालं तर पूर्ण इंजिन जातं. 2009 पासून नवीन इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच ठेवलेला नाही. त्यामुळे साल बघणं महत्त्वाचं. आणि त्या जुन्या बेअरिंगबद्दलही जाणकार मेकॅनिकांचा अनुभव काय? नियमित चालणाऱ्या गाडीत ते जास्त टिकतं.

मीटर खरा आहे का, हेही तपासता येतं. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये ते एकूण किती तास चाललं याची नोंद असते. योग्य स्कॅनर लावून ती काढायला सांगा आणि किलोमीटरला तासांनी भागा. घेताना माझ्या गाडीचे 520 तास निघाले, म्हणजे ताशी सरासरी 23 किलोमीटरच्या आत. शहरात अडकत चाललेल्या गाडीला हे शोभतं. हाच आकडा आठ-नऊ आला असता तर मीटर मागे फिरवलाय असं समजून मी परत फिरलो असतो.

पैशांचं म्हणाल तर भाच्याला मी एकच सांगितलं. ही गाडी इथे पूर्ण तयार होऊन परदेशातून आली, सीमाशुल्क आणि बाकीचे कर धरून किंमत दुपटीवर गेली. पंधरा वर्षांत गाडीचा भाव पडला, पार्टचा पडलेला नाही. विम्यातही प्लास्टिक आणि रबरच्या पार्टवर निम्मा घसारा कापतात, आणि अशा गाडीचा बंपरच आधी घासतो. 15 वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, पर्यावरण कर. दिल्लीतल्या गाड्यांच्या वयोमर्यादेच्या धास्तीने तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात, त्यांच्या एनओसीचा आणि इथल्या रोड टॅक्सचा हिशोब आधी करा, मग स्वस्त म्हणा. गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला नसेल तर थांबा, आणखी दोन वर्षं साठवा. कर्ज काढून तर अजिबात नको.

आज माझ्या गाडीच्या मीटरवर 31,000 आहेत. दर रविवारी पहाटे साडेपाचला मी तिला काढतो, पौडमार्गे ताम्हिणी. पहिली दहा-पंधरा मिनिटं ऑइल गरम होईपर्यंत आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, तीन हजारांच्या वर जाऊ देत नाही. मुळशीच्या पाण्यावर धुकं असतं, टॉप उघडा असतो, आणि पाठीमागे सहा आडवे सिलिंडर जे गातात ते ऐकताना मला पहिल्या वर्षाचा एकही खर्च आठवत नाही. गेल्या दोन वर्षांत ऑइल, फिल्टर आणि ब्रेक पॅड सोडून काहीही लागलेलं नाही. ती चालतेय म्हणून चांगली आहे, असं माझं ठाम मत झालंय. लोक म्हणतात, एवढी चालवलीस तर विकताना भाव येणार नाही. मला विकायचीच नाहीये.

आज सकाळी भाच्याने दुसरी लिंक पाठवली. तेच मॉडेल, 58,000 किलोमीटर, दोन मालक, भाव तीन लाखांनी कमी. सोबत फायलीचे फोटो: प्रत्येक वर्षाचं बिल, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल, गेल्या वर्षीचे टायर, एका बिलावर मालकाने पेनाने लिहिलेलं, 'डावीकडून बारीक आवाज, पुढच्या वेळी बघणे'. आणि पुढच्या बिलात तो आवाज बघितल्याची नोंद.

शनिवारी आम्ही दोघं बघायला जातोय. टॉर्च आणि फिश टँकची नळी मी बॅगेत टाकून ठेवलीय.